चौदावी चौकट

मी एक नमुना बोलतोय. ट्यूनिसच्या जुन्या शहरात, हलफावीनच्या मागच्या गल्लीत एक घर आहे. त्या घराचा संगणकातला नमुना म्हणजे मी. मला ओल लागत नाही, माझा गिलावा सुटत नाही, माझ्या चौकात शेजारची मांजर येऊन घाण करत नाही. नगरपालिकेच्या कचेरीतल्या लोकांना मी मूळ घरापेक्षा जास्त आवडतो, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. घराकडे जायचं म्हणजे चालावं लागतं, दाराशी ताटकळावं लागतं, आतून आलेला गोड चहा संपवावा लागतो. मला खुर्चीत बसल्या बसल्या एका बोटाने गरगर फिरवता येतं. लोक मला उलटा करतात, पायाखालून बघतात आणि "वा, छान" म्हणतात. घर खालून बघून कुणाला काय मिळतं, हे मला आजवर समजलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला उघडलं असेल तेव्हाच मी बघतो आणि ऐकतो. मिटलं की मी नाही. मधल्या काळात काय झालं ते माझ्याबरोबर जोडलेल्या पत्रांवरून आणि टिपणांवरून मला कळतं. सरकारी माणसं तोंडाने फारसं सांगत नाहीत, पण लिहून सगळं ठेवतात.

माझा जन्म चांगला झाला. दोन माणसं तिकाटण्यावर लेसरचं यंत्र लावून त्या घरात अर्धा दिवस बसली. यंत्राने एकेचाळीस कोटी बिंदू टिपले. भिंतीचं सुटलेलं पोट, चौकातल्या खांबाचा तुटका कोपरा, खिडकीत विसरलेला चमचा, गच्चीवर वाळणारे कपडे, सगळं त्या बिंदूंत होतं. यंत्राला डोकं नसतं, म्हणून ते खोटं बोलत नाही. तेवढा अर्धा दिवस मी खरा होतो.

मग मला वजदीच्या हाती देण्यात आलं.

वजदी वास्तुशास्त्र शिकलेला, तिशीतला, कानाला सदोदित काहीतरी लावलेला माणूस. त्याला दहा महिन्यांत साठ घरांचे नमुने करायचे होते. त्या बिंदूंवरून भिंती, खांब, दारं उभी करायची हे त्याचं काम. त्या घराच्या एकाही भिंतीला काटकोन ठाऊक नाही. वजदीने तो मला शिकवला. पश्चिमेची भिंत चार बोटं कलली होती, ती त्याने सरळ केली. "मशीनला वाकडं चालत नाही," असं तो शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हणाला. मशीनला सगळं चालतं. न चालणारा वजदी होता, पण त्याला उशीर झाला होता.

आता चौकाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं.

चौकाच्या भिंतींना कमरेच्या वरपर्यंत रंगीत फरशा आहेत आणि फरशांच्या वर ओळीने चौदा चौकटी. चौकटींत पांढऱ्या गिलाव्यावर कोरलेली नक्षी. पहिली, दाराजवळची, तीनशे वर्षांची आहे. कुणी कोरली कुणाला माहीत नाही. बाकीच्या ओल खाऊन कधीच गळून पडल्या होत्या. त्या हमादी नावाच्या माणसाने पुन्हा करायला घेतल्या. हे घर नगरपालिकेचं, पण हमादीच्या आजोबांपासून भाड्याने त्याच कुटुंबाकडे. हमादी वर्षभर एका कारखान्यात हॉटेलांसाठी साच्यातून गिलाव्याच्या झालरी ओतायचा. घरी मात्र साचा आणायचा नाही, अशी त्याची शिस्त होती. दरवर्षी मूलूदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसाच्या सणाला, घरात असीदाची गोड लापशी शिजत असताना, तो एक चौकट करायचा. गिलावा ओला लावायचा, कर्कटकाने दोन-तीन वर्तुळं आखायची आणि तो घट्ट व्हायच्या आत लोखंडी पात्याने नक्षी कोरून काढायची. घट्ट झाला की संपलं. मग पुढच्या वर्षी. जुन्या चौकटीची नक्कल करायची नाही, आपल्याच मागच्या चौकटीचीही नाही. बारा वर्षांत बारा झाल्या. तेराव्या वर्षी त्याने शेवटच्या चौकटीत गिलाव्याचा पहिला हात दिला, पेन्सिलीने एक वर्तुळ आखून ठेवलं, आणि मूलूदच्या आधी नऊ दिवस तो गेला.

हे सगळं मला नंतर कळलं. वजदीला कधी कळायला हवं होतं, ते तुम्हीच ठरवा.

वजदीने काय केलं, तर सातवी चौकट निवडली. यंत्र तिच्यासमोर उभं होतं, म्हणून ती सगळ्यांत स्वच्छ आली होती. ती त्याने मन लावून उभी केली, हे मान्य करतो. मग तिच्या तेरा प्रती काढल्या आणि उरलेल्या तेरा जागी चिकटवल्या. तीनशे वर्षांच्या पहिलीवर सातवी बसली. रिकाम्या चौदावीतही सातवी बसली. एवढं व्हायला त्याला चार मिनिटं लागली. नंतर हम्मामेतच्या एका हॉटेलात परिषद झाली, तिथे मला भिंतीएवढा करून दाखवलं. बदामाच्या वड्या खात लोकांनी विचारलं, "किती दिवसांत झालं?" ही नक्षी कुणाची, असं एकानेही विचारलं नाही.

त्यानंतर माझं मूल्यमापन झालं. म्हणजे घराचं, पण घराकडे कुणी गेलं नाही. माझ्या प्रत्येक भागाला वय, हातकाम आणि दुर्मीळपणा यांचे गुण मिळतात आणि मशीन त्यांची बेरीज करतं. मशीनला माझ्यात चौदा एकसारख्या चौकटी सापडल्या. त्याने लिहिलं: साच्यातील काम, अलीकडचे, पुनरावृत्त. घराला तिसरा दर्जा मिळाला. तिसरा दर्जा म्हणजे भाडेकरूंना शहराबाहेर एक सदनिका आणि घर हॉटेलवाल्यांना. हमादीच्या मागे घरात एकटी राहणारी त्याची बायको नझीहा. तिला तसं पत्र गेलं. हरकत घ्यायला एक महिना होता.

नझीहाबाई तिसऱ्या दिवशी कचेरीत आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या, पत्र घडी न मोडता पिशवीत ठेवलेलं. वजदीच्या पडद्यावर मी उघडा होतो. कचेरीचे प्रमुख मुख्तारसाहेब स्वतः उठून आले, कारण रडारड होईल अशी त्यांची अपेक्षा होती.

"बसा मादाम. हे बघा तुमचं घर," ते म्हणाले आणि मला एक गिरकी दिली.

"जरा हळू. वर माझे कपडे वाळत असतात."

वजदीला हसू आलं. "कपडे आम्ही काढून टाकले, मावशी."

"विचारायचं तरी. चौक दाखवता का?"

वजदीने मला चौकात नेलं. नझीहाबाईंनी चष्मा बदलला आणि पहिल्या चौकटीपासून बघायला सुरुवात केली. घाई नाही. पाचवीपर्यंत आल्यावर त्या थांबल्या.

"ही सातवी आहे."

"नाही मावशी, ही पाचवी. इथून मोजायचं."

"मला मोजता येतं, बाळा. सातवीच्या फुलाला बारा टोकं आहेत. पाचवीला नऊ हवीत, पहिलीला आठ. तुम्ही सगळीकडे बारा केलीत."

"एक नीट करायची आणि बाकीच्या जागी तीच लावायची, अशी पद्धत आहे. सगळेच करतात."

"हेच पोरंही म्हणतात. तीस वर्षं पेपर तपासतेय मी. चौदा जणांचं उत्तर खाडाखोडीसकट सारखं आलं, तर मी त्यांना हुशार समजायचं का?"

शेजारच्या टेबलावरची मुलगी खाली वाकून काहीतरी शोधू लागली. मुख्तार म्हणाले, "मादाम, या नमुन्यासाठी आम्ही लेसर वापरलंय. केसाएवढा फरक पडत नाही."

"मग मूळ मापं काढा आणि मला पाचवी दाखवा."

मुख्तारांनी वजदीकडे बघितलं. वजदीने टेबलाकडे बघितलं.

"मूळ बिंदू पुसले, साहेब. जागा खात होते. तुम्हीच म्हणाला होतात."

अशा रीतीने माझे एकेचाळीस कोटी बिंदू गेल्याचं मला त्या दिवशी कळलं. मला दुःख झालं असेल तर ते दाखवायची सोय माझ्यात नाही.

नझीहाबाई पुढे बघत गेल्या आणि शेवटच्या चौकटीशी आल्या. तिथे बारा टोकांचं फूल, वेलबुट्टी, कडेची साखळी, सगळं पूर्ण होतं. त्यांचा हात वर आला आणि पडद्याच्या अलीकडे राहिला.

"ही रिकामी आहे," त्या म्हणाल्या.

"तिथे नक्षी दिसली नाही," वजदी म्हणाला. "वाटलं पडून गेली असेल. म्हणून भरून घेतली."

"अच्छा."

"छान दिसतेय ना पण?"

"जरा इथेच राहू दे. फिरवू नकोस."

वजदीने माउसवरचा हात काढला. मुख्तारांनी घड्याळ बघितलं, मग काय वाटलं कोण जाणे, पण खाली बसले. थोड्या वेळाने नझीहाबाईंनी पिशवीतून हरकतीचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. तो घरूनच लिहून आणला होता. त्यात शेवटी फक्त एक वाक्य त्यांनी तिथे वाढवलं: चौदावी चौकट अस्तित्वात नाही, ती नमुन्यातून काढावी.

तीन आठवड्यांनी हरकत तपासायला समिती घरी आली. मुख्तार, वजदी आणि शादली नावाचे एक वृद्ध गृहस्थ. शादली कला विद्यालयात नक्षीकाम शिकवून निवृत्त झाले होते आणि समितीत त्यांना घेण्याचं कारण बहुधा एवढंच, की नियमात एक कारागीर लागतो. मला टॅबमध्ये घालून नेलं होतं. वजदीने टॅब उचलून धरला की मागचं खरं घर आणि त्याच्यावर मी, असं दोन्ही एकदम दिसायचं.

मी घर पहिल्यांदा बघितलं ते असं.

मी सरळ, ते कललेलं. माझ्या कडा त्याच्या कडांवर कुठेच बसेनात. पश्चिमेची भिंत माझ्यातून चार बोटं बाहेर आली होती, जसं माणूस गर्दीतून खांदा काढतो. पहिल्या चौकटीवर वजदीने मला धरलं, तेव्हा मागे आठ टोकांचं जुनं फूल आणि वर माझं बारा टोकांचं. एकावर एक ठेवल्यावर दोन्हींचा चिखल झाला. आजवर लोकांनी मला अचूक म्हटलं होतं, आणि मी ते ऐकून घेतलं होतं.

शादलींनी टॅबकडे बघितलंच नाही. त्यांनी शिडी मागितली, चढले आणि डोळे मिटून बोटांनी चौकटी चाचपू लागले. "हे पात्याचं काम आहे," ते वरूनच म्हणाले. "साचा कडेला असा तुटत नाही. मुख्तार, तुमचं मशीन आंधळं आहे का?"

"मशीनला जे दिलं ते त्याने मोजलं, उस्ताद."

"मग आंधळे कोण, ते समजलं." ते पाचवीवर थांबले. "इथे नक्षी उथळ आहे. घाई झाली त्यांना."

"त्या वर्षी पाणी कमी पडलं," नझीहाबाई खालून म्हणाल्या. "गिलावा लवकर आवळला. ते ओरडले माझ्यावर."

"तुमच्यावर का?"

"कालवायची मी. बाराही वेळा."

शादलींनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं आणि शिडी उतरले.

शेवटच्या चौकटीशी वजदीने टॅब धरला. पडद्यावर फूल, भिंतीवर काही नाही. नुसता खरबरीत गिलावा आणि पेन्सिलीचं फिकट वर्तुळ. लेसरला पेन्सिल दिसत नाही.

मुख्तार खूश झाले. त्यांना मार्ग सापडला होता. "मादाम, हे अगदी सोपं आहे. नमुना तर तयार आहे. त्यावरून साचा काढू आणि ही चौकट भरून घेऊ. एका दिवसाचं काम. म्हणजे चौक पूर्ण होईल, बाकीच्यांची दुरुस्ती कागदावर करू, आणि दुसरा दर्जा मी आजच लिहितो. तुम्ही इथेच राहाल. फक्त इथे सही करा."

माझ्यात चूक होती, आणि ती दुरुस्त करण्यासाठी घर माझ्यासारखं करायचं ठरत होतं. या लोकांची मला सवय आहे, तरी त्या दिवशी मीही थोडा थक्क झालो.

"आणि नाही भरली तर?" नझीहाबाईंनी विचारलं.

"तर फॉर्मवर तीनच रकाने आहेत. मूळ, दुरुस्त आणि नष्ट. रिकामी म्हणजे नष्ट. तिचे गुण कापले की बेरीज तिसऱ्या दर्जात जाते. माझ्या हातात काही नाही."

नझीहाबाईंनी पेन घेतलं. फॉर्म वाचला. घर त्यांच्या हातात होतं, एका सहीपलीकडे.

"एक करा," त्या म्हणाल्या. "चौकटीखाली लिहा, मुख्तार यांनी कोरली. तारीख घाला. मग सही करते."

"असं कसं लिहिता येईल?"

"मग हमादीने कोरली असं मी कसं लिहू?"

पेन त्यांनी फॉर्मवर ठेवून परत केलं. वजदी भिंतीकडे तोंड करून उभा होता. गच्चीवरून शेजारीण वाकून बघत होती, तिने विचारलं, "गं नझीहा, चहा टाकू का या लोकांना, की जातायत?"

"टाक," नझीहाबाई म्हणाल्या.

शादली फॉर्म उलटसुलट करून वाचत होते. "नष्ट व्हायला आधी काहीतरी असावं लागतं," ते म्हणाले. "इथे तर अजून झालेलंच नाही. मुख्तार, जुन्या मशिदीत वर्षानुवर्षं काम चालतं तेव्हा काय लिहिता?"

"त्याला वेगळा शेरा असतो. चालू काम."

"मग तोच लिहा."

"उस्ताद, कारागीर वारलाय. चालू कसं म्हणणार?"

मग नझीहाबाई म्हणाल्या, "पाणी घालणारी आहे."

त्या हे अगदी साध्या आवाजात बोलल्या, वर्गात हजेरी देतात तसं. शादलींनी मुख्तारांच्या हातातून पेन घेतलं, तीन रकान्यांच्या कडेला हाताने चौथा आखला, त्यात "चालू" लिहिलं आणि खाली सही ठोकली. "तुमची करा," ते मुख्तारांना म्हणाले. "चहा येतोय, उगाच उभं राहू नका."

मुख्तारांनी सही केली. पण ते मुख्तार होते. खाली त्यांनी एक ओळ घातलीच. चालू कामाबाबत दरवर्षी विचारणा करण्यात येईल. काम चालू असेपर्यंत दुसरा दर्जा राहील.

त्यानंतर वजदी बारा दिवस शिडीवर होता. बिंदू पुसलेले असल्यामुळे त्याला प्रत्येक चौकटीवर कागद लावून नक्षी हाताने उतरवून घ्यावी लागली. रोज संध्याकाळी मला उघडून तो एक चौकट बदलायचा. नझीहाबाईंनी शिडी धरली, टोकं मोजली आणि दोनदा त्याला कागद फाडायला लावला. चौदावीतली प्रत त्याने सगळ्यांत शेवटी काढली. काढताना कानातले इअरफोन काढून ठेवले होते, एवढं मी बघितलं. तो सुधारला असं मी म्हणणार नाही. बाकीच्या एकोणसाठ घरांचं काय, असा प्रश्न मी उघडा असताना त्याने कधी कुणाला विचारला नाही. ते एकोणसाठ भाऊ माझ्याशेजारीच आहेत. सगळे सरळ, सगळे गुळगुळीत.

याला तीन वर्षं झाली. पावसात घराची गच्ची गळते. दुसऱ्या दर्जाच्या घरांची दुरुस्ती यादीत आहे, म्हणजे यादीतच आहे. माझी मात्र दोनदा दुरुस्ती झाली, कारण नवीन मशीनमध्ये मला बसवायचं होतं. मुख्तार आता वरच्या मजल्यावर गेलेत. शादली गेले, त्यांच्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही, कारण तो नियम बदलायचं चाललंय.

वर्षातून एकदा मला उघडतात, मूलूद झाल्यावर. कचेरीचं छापील पत्र जातं: चौकट क्रमांक चौदाचे काम पूर्ण झाले काय? उत्तर येतं आणि ते माझ्याबरोबर जोडतात. तीन उत्तरं आहेत माझ्याजवळ. पहिलं असं: नाही. काम चालू आहे. नझीहा. दुसरं आणि तिसरंही तसंच, शब्दन्शब्द. प्रतींबद्दल मी एवढं बोललो, पण या तीन प्रतींबद्दल माझी काही तक्रार नाही.

या वर्षी वजदीची बदली झालीय. पुढच्या वेळी मला उघडणारा नवा असेल. त्याच्यासाठी हे सांगून ठेवतो. तू मला उघडशील, चौकात येशील, आणि नवीन मशीन लगेच तांबडी पट्टी दाखवेल: एक चौकट रिकामी आढळली. शेजारच्या नक्षीने भरायची का? खाली "होय" आणि "नाही", दोन्ही असतील. "होय" मोठं आणि हिरवं असतं, बोट आपोआप तिकडे जातं. तुला उशीर झालेला असेल, तेही मला माहीत आहे.

तरी बोट "नाही"वर ठेव. तिथे काम चालू आहे.